शिष्यत्वाचा वर्ग संपल्यावर माणसं होती तिथेच का राहतात?

एका मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे मंडळीचे एक जबाबदार पुढारी, म्हणून सेवा करणाऱ्या बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे बाप्तिस्म्यानंतर शिष्यत्वाचा बारा आठवड्यांचा वर्ग होतो. पुस्तिका चांगली आहे, शिकवणारे मनापासून शिकवतात, लोक शेवटपर्यंत येतात. पण वर्षभराने पाहिलं तर बहुतेकांचं जगणं होतं तसंच असतं, आणि काही जण उपासनेला यायचेही थांबतात. "एकेकाला जवळ घेऊन शिष्य घडवा असं सगळे म्हणतात," ते लिहितात, "पण म्हणजे नेमकं करायचं काय? कुणाला निवडायचं, काय बोलायचं, नातं बिघडू नये म्हणून काय जपायचं? आणि मग वर्ग बंद करायचा का?"

बंधू, तुमच्या वर्गाला मी नावं ठेवणार नाही. वर्ग समज देतो आणि समज लागतेच. पाया कच्चा असला की पुढे माणूस कुठल्याही वाऱ्याबरोबर वाहवत जातो. पण रागात तोंड कसं आवरायचं, क्षमा मागायला पहिलं वाक्य काय बोलायचं, उत्तर मिळत नसताना प्रार्थना कशी चालू ठेवायची, हे माणूस दुसऱ्या कुणाला तरी करताना बघून शिकतो. तुमच्या लोकांना शिकवणारे भेटले. त्यांतल्या एखाद्याचं जगणं त्यांना जवळून बघायला मिळालं का? ते मिळालं नसेल तर पुस्तिका बदलून काही होणार नाही, हे मी पुष्कळ मंडळ्यांमध्ये पाहिलं आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू बारा जणांना नेमतो तेव्हा नेमण्याचं कारणही तिथेच दिलं आहे. आधी, त्यांनी आपल्याबरोबर असावं. मग, त्यांना घोषणा करायला पाठवावं. आपण मंडळीत हे नेहमी उलटं करतो. नवा माणूस उत्साही दिसला की त्याला गाण्याच्या पथकात घेतो, रविवारच्या शाळेत उभं करतो, साक्ष द्यायला पुढे बोलावतो. तो कामाला लागला म्हणून आपल्याला बरं वाटतं. त्याच्याबरोबर मात्र कुणीच नसतं.

आणि येशूबरोबर असणं म्हणजे काय होतं, ते चारही शुभवर्तमानांत जागोजागी दिसतं. रस्ता, होडी, कुणाच्या घरची पंगत, आजाऱ्यांची गर्दी, थकून झोपलेला येशू, पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला येशू. लूकच्या अकराव्या अध्यायात शिष्य म्हणतात, प्रभू, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. त्याआधीचं वाक्य बघा: तो एके ठिकाणी प्रार्थना करत होता आणि त्याची प्रार्थना संपली होती. त्यांनी बघितलं म्हणून मागितलं. प्रार्थनेवरचा पाठ त्यांच्या भुकेच्या मागून आला. आपल्या पुस्तिकेत तो तिसऱ्या आठवड्यात येतो, भूक लागली असो वा नसो.

दुसरा प्रसंग मार्काच्या नवव्या अध्यायातला. कफर्णहूमला घरी पोचल्यावर येशू विचारतो, वाटेत कशाबद्दल बोलत होता? सगळे गप्प, कारण वाटेत त्यांचा वाद चालला होता की आपल्यात मोठा कोण. असा वाद वर्गात कधीच होत नाही. तिथे सगळे नीट बसतात, नीट उत्तरं देतात. माणसाच्या आतलं बाहेर येतं ते वाटेत, कामात, अडचणीत, मान मिळाला किंवा डावललं गेलं की. तुम्ही त्याच्याबरोबर वाटेत नसाल तर ते तुम्हांला कळणारच नाही, आणि जे कळलं नाही त्यावर वचनाचा हात कसा ठेवणार?

आता निवडीचं. लूक सांगतो की बारा जणांना निवडण्याआधी येशूने रात्रभर प्रार्थना केली. आपण निवड पाच मिनिटांच्या बैठकीत उरकतो, आणि बहुतेक वेळा हुशार, बोलका, वरच्या नोकरीतला माणूस निवडतो. माझा सल्ला असा की निदान महिनाभर काही न बोलता नावं प्रार्थनेत ठेवा आणि त्या माणसांकडे लक्ष द्या. वचन ऐकल्यावर कोण काहीतरी करून बघतो? खुर्च्या उचलायला कुणी सांगितलं नसताना कोण थांबतो? चूक दाखवली तर कोण रुसून बसतो आणि कोण दोन दिवसांनी परत येऊन विचारतो? प्रेषित पौलाने तरुण तीमथ्याला सेवेसाठी सोबत घेतलं तेव्हा लुस्त्र आणि इकुन्या इथले बंधू त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. म्हणजे त्याला ओळखणाऱ्यांची साक्ष होती. शिवाय लुस्त्र हे तेच गाव जिथे पौलाला दगडमार करून मेला म्हणून बाहेर ओढून टाकलं होतं. पुढे तीमथ्याला लिहिताना पौल त्या छळाची आठवण देतो. ह्या वाटेला काय किंमत पडते हे त्या तरुणाला आधीच माहीत होतं, आणि तरीही तो निघाला.

किती जण? दोन किंवा तीन. येशूला बारा होते, पण याइराच्या घरात, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत त्याने पेत्र, याकोब आणि योहान ह्या तिघांनाच आणखी जवळ घेतलं. बाराही त्याने एकाच मापाने जवळ घेतले नाहीत, मग तुम्ही पंधरा जणांचं ओझं घेऊ नका. अगदी एकच माणूस घेण्यापेक्षा दोन बरे असं माझं मत आहे. एकच असला की तो हळूहळू तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. दोघे असले की ते एकमेकांशी बोलतात, तुमच्या माघारी एकमेकांना फोन करतात, आणि तुमचं म्हणणं वचनाशी ताडून बघायला धजतात. काही वेळा माणसाची जखम इतकी ओली असते की एकट्यानेच भेटावं लागतं, ते वेगळं.

विचारायचं कसं, ह्यावर लोक फार अडतात. "मी तुला शिष्य करतो" असं कधीच म्हणू नका. आपण शिष्य ख्रिस्ताचे करतो. साधं म्हणा: "पुढचे सहा महिने आपण आठवड्यातून एकदा भेटूया का? मार्क वाचूया, जे कळेल ते करून बघूया, एकमेकांना खरं सांगूया. सहा महिन्यांनी थांबून विचार करू." मुदत सांगितली की त्याला नाही म्हणायची, आणि पुढे मोकळं व्हायची वाट राहते. मुदत नसलेलं नातं रेंगाळतं आणि मग दोघांनाही ते तोडायची लाज वाटते.

भेटीत काय करायचं, ह्यावर थोडं थांबतो, कारण बिघडतं ते इथेच. बहुतेक जण वर्ग छोटा करून घरी आणतात. पंधरा जणांना जे शिकवायचं तेच दोघांना शिकवतात आणि त्याला नातं म्हणतात. तसं करू नका. एक लहान उतारा मोठ्याने वाचा. इथे येशूबद्दल काय दिसतं, हे विचारा. मग विचारा की पुढच्या भेटीपर्यंत मी काय करणार आणि ते कुणाच्या बाबतीत. पुढची भेट ह्याच उत्तरापासून सुरू करा. मागच्या आठवड्याचं विचारायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून आपण नव्या उताऱ्याकडे सरकतो, आणि माणसं शिकतात की ऐकलेलं करायची इथे गरज नसते. सगळ्या शिष्यत्वाला कीड लागते ती इथून.

एक भेट सांगतो. आम्ही तिघे मत्तयाचा पाचवा अध्याय वाचत होतो. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, तो भाग. एका तरुणाने त्यावर फार छान विवेचन केलं. जुन्या करारातली अर्पणं, बाह्य धार्मिकता, मनाची शुद्धी, सगळं बरोबर. त्याचं संपल्यावर मी एवढंच विचारलं, "वाचताना कुणाचं नाव समोर आलं?" तो गप्प झाला. पवित्र शास्त्र मिटलं, परत उघडलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मोठा भाऊ." वडिलांच्या आजारपणात खर्चावरून बोलाचाली झाली होती, तेव्हापासून बोलणं बंद होतं. त्या दिवशी आम्ही पुढची ओळही वाचली नाही. भावाला काय म्हणायचं ते त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. पहिल्या मसुद्यात "मी चुकलो, पण तूही" असं होतं. मी काही बोललो नाही; दुसऱ्या तरुणाने त्या "पण तूही"वर बोट ठेवलं. त्याने ते खोडलं. पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा भावाने फोन उचलला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. शेवटी त्याने ते वाक्य निरोप म्हणून पाठवलं आणि काही दिवसांनी "ठीक आहे" एवढं उत्तर आलं. समेट झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यांत उत्तर न देणाऱ्या भावासाठी तो रोज प्रार्थना करायला शिकला, आणि ज्याने बोट ठेवलं होतं तो एकदा मुद्दाम मागे थांबून स्वतःच्या वडिलांबद्दल बोलला. विवेचनावर समाधान मानून मी शाबासकी दिली असती तर ह्यातलं काहीच झालं नसतं.

भेटीइतकंच, किंवा त्याहून जास्त, घडतं ते भेटीबाहेर. वेळ नाही ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. त्यावर उपाय असा की नवीन वेळ काढण्याआधी, आहे त्याच वेळेत माणूस सोबत घ्या. आजाऱ्याला भेटायला जाताय, कुणाच्या दुःखात जाताय, प्रवचनाची तयारी करताय, घरातलं काही दुरुस्त करताय, तर एकटे जाऊ नका, एकटे करू नका. एकदा मी एका तरुणाला दुःखातल्या घरी घेऊन गेलो. जाताना एवढंच सांगितलं की तिथे कशाचंही कारण समजावून सांगायचं नाही. आम्ही बसलो. त्या घरच्या बाई बोलत राहिल्या, मध्येच थांबल्या, परत बोलल्या. मी उतारा शोधून ठेवला होता, तो वाचला नाही. निघताना छोटी प्रार्थना केली. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "तुम्ही वचन वाचलं नाहीत." मग इयोबाच्या मित्रांबद्दल बोलणं निघालं, ते सात दिवस सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले तेव्हा किती बरोबर होते आणि तोंड उघडल्यावर किती चुकत गेले त्याबद्दल. इयोबाचं पुस्तक त्याने आधी वाचलेलं होतं. समजलं त्या दिवशी.

पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की आम्ही तुम्हांला देवाची सुवार्ताच काय, आपला जीवही द्यायला तयार होतो, कारण तुम्ही आम्हांला प्रिय झाला होता. त्याच अध्यायात तो स्वतःला लेकरांना जपणाऱ्या आईसारखा म्हणतो आणि पुढे, तुमच्यातल्या प्रत्येकाला बाप जसा मुलांना तसा बोध केला, असंही म्हणतो. त्यातला "प्रत्येकाला" हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. इफिसच्या वडिलांना मिलेत इथे निरोप देतानाही तो म्हणतो की तीन वर्षं रात्रंदिवस, अश्रू गाळत, प्रत्येकाला बोध करायचं मी थांबवलं नाही. हाच पौल इफिसमध्ये तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं दररोज वाद-संवाद करत होता. म्हणजे वर्ग त्यानेही घेतला. पण निरोपाच्या वेळी ते सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले, ते ह्या एकेकाला दिलेल्या वेळामुळेही, असं मला वाटतं.

हे सगळं पाळकाने एकट्याने करायचं नाही, हेही तुम्ही वडील म्हणून लक्षात घ्या. पुढे मंडळीचा मोठा शिक्षक झालेला ऑगस्टीन इ. स. ३८४ मध्ये इटलीतल्या मिलानला आला. तिथला बिशप अँब्रोज. ऑगस्टीन स्वतः लिहितो की अँब्रोजने त्याचं बापासारखं स्वागत केलं, आणि त्याला अँब्रोजबद्दल ओढ वाटू लागली ती सत्याचा शिक्षक म्हणून नंतर. आधी वाटली ती आपल्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. पण अँब्रोजभोवती कायम लोकांची रांग. ऑगस्टीन जायचा, तो मनातल्या मनात वाचत बसलेला दिसायचा, त्याला त्रास नको म्हणून हा थोडा वेळ बसून परत यायचा. मनातलं सगळं बोलायला त्याला मिळाला तो सिम्प्लिशियन नावाचा वयस्कर सेवक, जो अँब्रोजलाही पित्यासारखा होता. सिम्प्लिशियनने त्याचं ऐकून घेतलं आणि व्हिक्टोरिनस नावाच्या विद्वानाने जाहीरपणे विश्वास कसा कबूल केला ते सांगितलं. ३८७ च्या पास्काच्या (ईस्टरच्या) सणात ऑगस्टीनचा बाप्तिस्मा अँब्रोजच्या हातून झाला. व्यासपीठावरचा माणूस आणि वेळ असलेला माणूस, दोघेही लागले. तुमच्या मंडळीत सिम्प्लिशियन कोण आहेत ते शोधा. निवृत्त झालेले, फारसे पुढे न येणारे, पण पुष्कळ सोसून विश्वासात टिकलेले बंधू-भगिनी प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना आपण वर्गात शिकवायला बोलावत नाही, कारण त्यांना बोलता येत नाही असं आपल्याला वाटतं.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांना हे जवळजवळ अनपेक्षितपणे सापडलं. १७४२ मध्ये ब्रिस्टल इथे सभागृहावरचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि साधारण बारा जणांमागे एका पुढाऱ्याने ती गोळा करावी, असं ठरलं. पुढारी घरोघर जायला लागले आणि परत येऊन सांगायला लागले की अमका जसं जगायला हवं तसं जगत नाही. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पैशासाठी झालेले गट लोकांची काळजी घेणारे गट झाले. सभेत दिसत नव्हतं ते घरी गेल्यावर दिसलं. ह्याहून लहान आणि अधिक मोकळे गटही त्याच्याकडे होते, त्यांत पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या, विवाहित वेगळे, अविवाहित वेगळे असत. ही शिस्त आजही शहाणपणाची आहे, त्याबद्दल आता बोलतो.

जवळच्या नात्यात ताकद असते, आणि तीच धोकाही असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथल्या पाच शिक्षकांभोवती एक चळवळ वाढली. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मेंढपाळ हवा आणि त्याच्या अधीन राहावं, अशी तिची शिकवण होती. सुरुवात चांगल्या हेतूने झाली. लोक एकटे पडू नयेत, वाढावेत. पण पुष्कळ ठिकाणी लग्न, नोकरी, घर बदलणं ह्यासाठीही मेंढपाळाची परवानगी लागायला लागली, आणि अनेक माणसं मोडली. पुढे त्या पाचांपैकी एकाने जाहीर क्षमा मागितली. हा इतिहास मी प्रत्येक नव्या सेवकाला सांगतो, कारण नियंत्रण हे प्रेमाचा वेश घेऊन येतं. "मी त्याच्यासाठी किती प्रार्थना करतो, तरी तो माझं ऐकत नाही" असं वाक्य मनात आलं की थांबा. तो तुमचं ऐकावा म्हणून तुम्ही सोबत नव्हता. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू स्पष्ट सांगतो की तुमचा गुरू एकच आहे आणि तुम्ही सगळे भाऊ-भाऊ आहात.

म्हणून मी काही गोष्टी ठरवून पाळतो. नोकरी, लग्न, पैसा ह्यांचे निर्णय मी देत नाही. वचन काय म्हणतं ते बरोबर बघतो, प्रश्न विचारतो, निर्णय त्याचा. उसने पैसे देत-घेत नाही. मदत लागली तर मंडळीमार्फत. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला जवळ घ्यावं. तीताच्या पत्रात वयस्कर स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं जे सांगितलं आहे, ते आपण फार दुर्लक्षिलं आहे. जोडप्याने जोडप्याला घेणं उत्तम. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला तंबू करणारं जोडपं. त्यांनी पौलाला करिंथात घरी ठेवून घेतलं, आणि पुढे इफिसात अपुल्लोसारख्या मोठ्या वक्त्याचं ज्ञान अपुरं आहे हे लक्षात आल्यावर त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. चारचौघांत टोकलं नाही. मुलांच्या आणि किशोरांच्या बाबतीत मात्र नियम कडक हवेत: आईवडिलांना माहीत असलेली भेट, उघडी जागा, दुसरं मोठं माणूस जवळ, लपूनछपून निरोपांची देवाणघेवाण नाही. ह्याला अपवाद नको, कितीही विश्वासातला सेवक असला तरी.

गुप्ततेबद्दल पहिल्याच भेटीत बोला. जे इथे बोललं जाईल ते बाहेर जाणार नाही, माझ्या घरातही नाही, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल, मुलावर अत्याचार होत असेल, तर मी गप्प राहणार नाही, योग्य त्या लोकांना आणि कायद्याने जिथे सांगायला हवं तिथे सांगेन. हे आधी सांगितलेलं असलं की पुढे विश्वासघात वाटत नाही. व्यसन, खोल नैराश्य, जीव नकोसा होणं, अशा वेळी डॉक्टर आणि समुपदेशक लागतात. तुम्ही सोबत राहा, प्रार्थना करा, दवाखान्यात बरोबर जा. उपचाराची जागा घेऊ नका.

जर्मन पाळक डीट्रिख बोन्हाफर १९३५ पासून फिंकनवाल्डे इथे तरुण पाळकांना घडवत होता. १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती पाठशाळा बंद केली. तिथे एक नियम होता: गैरहजर बंधूबद्दल त्याच्या माघारी बोलायचं नाही, आणि बोलणं झालंच तर त्याला जाऊन ते सांगायचं. बोन्हाफरच्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहिलं की हा नियम मोडताना आणि परत सांभाळताना जवळजवळ तेवढंच शिकायला मिळालं, जेवढं प्रवचनांतून आणि शास्त्राच्या विवेचनांतून. दोघा-तिघांच्या गटात हा नियम लावून बघा. पहिल्या महिन्यातच कळेल की आपण किती बोलतो.

आणि सोडायचं केव्हा? ह्यात बर्णबासारखा माणूस मला दुसरा दिसत नाही. यरुशलेमेत सगळे शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, घाबरत होते तेव्हा त्याने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेलं. अंत्युखियात काम वाढल्यावर तो स्वतः तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर मिळून शिकवलं. प्रेषितांच्या कृत्यांत आधी "बर्णबा आणि शौल" असा क्रम आहे. तेराव्या अध्यायातच तो उलटायला लागतो आणि पौलाचं नाव पुढे येतं. बर्णबाने त्यावर तक्रार केल्याचं कुठेही नाही. ज्याला मी आणलं तो माझ्यापुढे जातोय, हे आनंदाने बघता येणं ही शिष्य घडवणाऱ्याची खरी परीक्षा. म्हणून सहा महिन्यांनंतर, फार तर वर्षाने, त्याला विचारा: आता तू कुणाला सोबत घेणार? पौल तीमथ्याला सांगतो की माझ्याकडून ऐकलेलं विश्वासू माणसांना सोपव, जी इतरांना शिकवतील. ती साखळी तुमच्यापाशी अडकू देऊ नका. तो तयार नाही असं तुम्हांला वाटेल. बारा जणही तयार नव्हते. येशूने त्यांना दोघे-दोघे पाठवलं, परत आल्यावर सगळं ऐकून घेतलं आणि एकांतात येऊन थोडा विसावा घ्या म्हणाला. पाठवा, ऐकून घ्या, विसावा द्या, परत पाठवा.

काही जण जातील. श्रीमंत तरुणाकडे येशूने बघितलं, त्याच्यावर प्रीती केली, आणि तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा अट सैल करून त्याला परत बोलावलं नाही. पौलाचा सहकारी देमास त्याला सोडून गेला. योहान मार्कही पंफुल्याहून परतला होता, त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी तीव्र बाचाबाची झाली की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या पत्रात, तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. कुणी थांबला तर त्याच्यामागे वचनांचा भडिमार करू नका आणि त्याचं नाव गाळूही नका. वाढदिवसाला, आजारपणात, अडचणीत त्याला फोन जात राहू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. वर्ग बंद करू नका. पण पुढची तुकडी सहा महिने सुरू करू नका. तेवढ्या काळात शिकवणाऱ्या चार-पाच जणांना घेऊन तुम्ही स्वतः असे बसा. ज्याला कुणी जवळ घेतलं नाही त्याला दुसऱ्याला जवळ घेणं फार अवघड जातं. नंतर तुकडी सुरू कराल तेव्हा ती लहान ठेवा, आणि प्रत्येकाला पहिल्या आठवड्यापासून एक अनुभवी बंधू किंवा भगिनी जोडून द्या. पुस्तिका तीच चालेल, फक्त एका पाठाला एकच आठवडा हा हट्ट सोडा. समेटावरच्या पाठाला कुणाला दोन महिने लागले तर लागू द्या.

आणि ह्या सगळ्याच्या आधी, जुन्या तुकड्यांतले जे यायचे थांबले त्यांची नावं काढा. त्यांतल्या दोघांकडे ह्या आठवड्यात जा. सोबत पुस्तिका नेऊ नका, रविवारी का येत नाही हेही विचारू नका. "सध्या कसं चाललंय?" एवढं विचारा आणि ते बोलतील तेवढा वेळ बसा. ते काय म्हणाले, विशेषतः मंडळीबद्दल काय म्हणाले, ते मला लिहून कळवा. कडू असलं तरी तसंच लिहा. कुणाला कुणाशी जोडायचं, हे त्यावरून आपल्याला नीट ठरवता येईल.